चौथी ओळ कोरी असण्याबाबत

विषय : चौकातील युद्धस्मारकाच्या शिळेवर चौथे नाव कोरण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदार बाईंचा मूळ अर्ज. २) त्यांची आजतागायतची स्मरणपत्रे, एकूण सव्वीस. ३) मी स्वतः.

उपरोक्त विषयी निवेदन करण्यात येते की, मी तोफ आहे. चौकात, नगरपालिकेच्या कचेरीसमोर, सिमेंटच्या चौथऱ्यावर जी बसवली आहे, तीच मी. निवेदन करणारी तोफ आजवर कोणी पाहिली नसेल, पण माझा नाइलाज आहे. माझ्या मागच्या टोकापासून चार हातांवर कचेरीची खिडकी आहे आणि त्या खिडकीत आवक-जावक कारकुनाचे टेबल. तेहतीस वर्षे मी त्या टेबलावरचे बोलणे ऐकते आहे. माणसांची भाषा मी आधी खलाशांकडून शिकले होते, पण ती चारचौघांत बोलण्यासारखी नाही. सभ्य भाषा मला येते ती एवढीच, कचेरीची.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाचा ओंडका लाल होईपर्यंत तापवला, घणाखाली ठोकला, मग तीन आठवडे माझे पोट कोरण्याचे काम चालले. कोरणारा कामगार सारखा खोकत असे. थोड्या थोड्या वेळाने तो यंत्र थांबवायचा, आत दिवा धरून पाहायचा आणि म्हणायचा, ''अजून खरखरीत आहे.'' माझ्याविषयी इतक्या आस्थेने पुन्हा कधी कोणी बोलले नाही. शेवटी माझ्या मागच्या अंगावर ४१७ हा आकडा ठोकला आणि मला एका मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर डाव्या बाजूला बसवले.

युद्ध सुरू झाले. युद्धात मी शत्रूच्या दिशेने अकरा गोळे सोडले. दहा पाण्यात पडले. अकरावाही पाण्यातच पडला, पण तो जरा जवळ पडला म्हणून त्याची नोंद वेगळी केली होती.

माझ्यावर पाच माणसे कामाला होती आणि पाचही जण याच गावचे. गावात तेव्हा दोरखंडाचा कारखाना होता. दोर वळणाऱ्याला गाठी येतात, म्हणून नौदलाची भरती इथे झाली. एका गल्लीतली पोरे एका तोफेवर ठेवली तर न बोलता एकमेकांचे काम समजेल, असा वरिष्ठांचा विचार. विचार बरोबर होता. एका गल्लीतली पोरे एकदम गेली तर त्या गल्लीचे काय, एवढे विचारात घ्यायचे राहून गेले.

एक जण नेम धरायचा, दुसरा गोळा उचलून आणायचा, तिसरा गोळ्यामागे बारुदाची पिशवी सारायचा. चौथ्याकडे माझे दार होते. माझ्यासारख्या तोफेत गोळा मागून भरतात. मागे मनगटापासून कोपरापर्यंतच्या अंतराएवढ्या जाडीचे पोलादी झाकण असते. ते फिरवून उघडायचे, भरून झाले की फिरवून बंद करायचे. या चौथ्याला बाकीचे 'दारवाला' म्हणत. ''दारवाले, शेटजी आहेत का आत?'' असे विचारून गोळा आणणारा दर वेळी तोच विनोद करी आणि दारवाला दर वेळी तेवढेच हसे. पाचवा घड्याळ धरून उभा असायचा. तो पुढे गावात शिंपी झाला, म्हणून त्याला आतापासूनच शिंपी म्हणते.

घड्याळ कशाला, ते सांगते. कधी कधी कळ दाबूनही तोफ उडत नाही. अशा वेळी आत काय चालले आहे ते तोफेलाही नीट कळत नाही. बारुदात एखादी ठिणगी धुमसत असते. म्हणून नियम असा की दार बंद ठेवून पुरती दहा मिनिटे थांबायचे, मगच उघडायचे. माझ्या मागच्या अंगावर, आकड्याच्या खाली, पांढऱ्या रंगात तो नियम रंगवला होता : 'दहा मिनिटे.'

आणखी एक गोष्ट. माझा आवाज असा की जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना कानात कापूस घालावा लागे. कापूस घातला की कोणाला काही ऐकू येत नसे, म्हणून सगळे काम हाताने चाले. खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे उघड. नियमांच्या पुस्तकात मात्र छापले होते की आदेश मोठ्या व स्पष्ट आवाजात द्यावा. पुस्तक लिहिणाऱ्याने तोफ बहुधा चित्रात पाहिली असावी.

तो दिवस लढाईचा नव्हता. मुख्यालयातून एक बडे साहेब जहाज पाहायला आले होते आणि त्यांच्यासमोर नेमबाजीचा सराव होता. दूर पाण्यात कापडाचे शीड लावलेला एक तराफा सोडला होता. उजव्या बाजूच्या तोफेचे आठ गोळे उडवून झाले, माझे पाचच. माझ्यावरचा अधिकारी तरुण होता. मान वळवून वळवून तो साहेब उभे होते त्या वरच्या मजल्याकडे पाहत होता.

सहाव्या गोळ्याला कळ दाबली आणि मी उडले नाही.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. शिंप्याने घड्याळ वर धरले. दुसऱ्या हाताने दर मिनिटाला एक बोट वर : एक, दोन, तीन. चौथे बोट वर झाले तेव्हा अधिकाऱ्याने दारवाल्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. दारवाल्याने मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवले. अधिकाऱ्याने पुन्हा दोन थापा मारल्या, या वेळी जोराने.

दारवाल्याने शिंप्याकडे एकदा पाहिले. मग माझ्या दाराला हात घातला.

पुढचे मी केले. मारणे हेच माझे काम, त्यासाठीच मला खोकणाऱ्या माणसाने गुळगुळीत केले होते. अकरा गोळ्यांत जे जमले नाही ते मी त्या दिवशी न उडताच केले, फक्त उलट्या बाजूने, उघड्या दारातून. चौघे गेले. दारवाला दाराशीच होता, त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. शिंपी बाजूला फेकला गेला आणि त्याचे कान गेले. अधिकाऱ्याचा उजवा हात भाजला.

दुसऱ्या दिवशी चौकशी माझ्याशेजारीच झाली. टेबल-खुर्च्या डेकवर आणून मांडल्या, कारण पुरावा म्हणजे मी आणि मला उचलून आत नेणे शक्य नव्हते. अधिकाऱ्याने सांगितले की आपण आदेश दिला नाही. मग डोक्याला पट्ट्या बांधलेल्या शिंप्याला आणले. त्याला ऐकू येत नाही म्हणून प्रश्न कागदावर लिहून पुढे केला : 'दार उघडण्याचा आदेश तू ऐकलास काय? होय किंवा नाही एवढेच लिही.' शिंप्याने कागद बराच वेळ पाहिला. बावीस वर्षांचा होता, समोर तीन टोप्या बसल्या होत्या. त्याने लिहिले, 'नाही.' खाली सही केली.

उत्तर खरे होते. कोणीच काही ऐकले नव्हते. 'पाहिलास काय' असे कोणी विचारले नाही, कारण पुस्तकानुसार आदेश हा ऐकण्याचा असतो. निष्कर्ष निघाला की दार उघडणाऱ्याने आदेश नसताना, स्वतःच्या बेपर्वाईने दार उघडले आणि तीन सहकाऱ्यांच्या मृत्यूला कारण झाला. दुपारच्या जेवणाआधी सह्या होऊन टेबल उचलले.

माझे बिजागर तुटले होते. मला उतरवून एका कोठाराच्या आवारात टाकले. तिथे नऊ वर्षे गवतात पडून होते. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, गवत वाढते.

मग या गावाने नौदलाकडे अर्ज केला की आमच्या तीन वीरांचे स्मारक करतो आहोत, तरी एखादी तोफ मिळावी. कोठारवाल्याने यादी पाहिली आणि जी गेली तर कोणाला चुकल्यासारखे वाटणार नाही अशी तोफ निवडली. अशा रीतीने त्या तिघांचे स्मारक म्हणून मला गावात आणले. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. कोणी आकडे जुळवून पाहिले नाहीत, इतकेच.

चौथऱ्यासमोर शिळा बसवली. दगड घडवणाऱ्याकडे पहिल्यांदा गेलेली यादी मृतांच्या नोंदीवरून उतरवली होती, म्हणून तीत चार नावे होती. त्याने छिन्नीने चार ओळींच्या रेघा आखल्याही. मग कचेरीतून सुधारित यादी गेली आणि एक नाव कमी झाले. तिघांची नावे कोरली. चौथ्या ओळीच्या वरखालच्या रेघा अजून तशाच आहेत, मध्ये कोरा दगड. सगळ्यात वर लिहिले आहे : 'समुद्रावर शत्रूशी झुंजताना.' शत्रू म्हणजे कापडाचा तराफा. तो त्या दिवशी सुखरूप परतला.

शिंप्याचे दुकान चौकात, माझ्या बरोबर समोर. मला ट्रकमधून उतरवले त्या दिवशी तो मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून बाहेर आला, गर्दीतून वाट काढत माझ्या मागच्या बाजूला गेला आणि ४१७ वर हात ठेवून उभा राहिला. नंतर तीन दिवस दुकान बंद होते. पुढे रंगाऱ्यांनी मला हिरवा रंग दिला. 'दहा मिनिटे' त्या रंगाखाली गेले. दर तीन वर्षांनी आणखी एक हात बसतो.

दारवाल्याच्या घरी आई आणि धाकटी बहीण होती. आई चौकातून कधी गेली नाही, कारखान्यामागच्या बोळाने वळसा घालून जायची. नळावर तिच्या पुढची बाई मागे वळून बोलत नसे. ती गेली ती आपल्या मुलाने तीन शेजारणींची मुले मारली असे समजून गेली. बहीण सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या कामाला होती. त्या तीन आयांच्या पायाला, हाताला काही लागले तर पट्टी तीच बांधायची आणि पट्टी बांधून होईपर्यंत त्या भिंतीकडे पाहत बसायच्या. हे सगळे मला चौथऱ्यावर टेकणाऱ्या लोकांकडून कळले. तोफेला कान नसतात अशी लोकांची समजूत आहे.

स्मारकाला वीस वर्षे झाली तेव्हा मोठा समारंभ झाला. प्रमुख पाहुणे म्हणून तोच अधिकारी आला. आता तो फार वर चढला होता, छातीवर जागा शिल्लक नव्हती. भाषणात त्याने सांगितले की ही तोफ त्या वीरांच्या बलिदानाची साक्षीदार आहे. त्याचे तेवढे वाक्य खरे होते. मग खाली उतरून तो माझ्याजवळ आला आणि छायाचित्रासाठी, डाव्या हाताने, माझ्या दारावर दोन थापा मारल्या.

तिसऱ्या रांगेतून शिंपी उठला आणि खुर्च्यांना धडकत निघून गेला.

दुपारी खुर्च्या उचलण्याचे काम चालू असताना तो दारवाल्याच्या बहिणीला घेऊन आला. ती दवाखान्याच्या पांढऱ्या झग्यातच होती. जन्मात पहिल्यांदा ती माझ्या इतक्या जवळ आली असेल. दोघे चौथऱ्यावर बसले. शिंप्याला आपला आवाज किती मोठा ते कळत नसे, म्हणून एरवी तो बोलायचेच टाळायचा. त्या दिवशी तो बोलला आणि खुर्च्यावाल्यांनीही ऐकले.

''ताई, तुझ्या दादानं आपण होऊन दार उघडलं नव्हतं.''

त्याने सगळे सांगितले. बोटे वर करून दाखवली, एक ते चार. स्वतःच्या खांद्यावर दोन थापा मारून दाखवल्या. त्याच्या उजव्या कानाला अगदी लागून बोलले तर थोडे ऐकू येई; तिने त्या कानाशी तोंड नेऊन विचारले, ''दादा काय म्हणाला?''

''काही नाही. मान हलवली. माझ्या घड्याळाकडं बोट केलं.''

''आईला खांदा द्यायला तुम्ही आला होतात, शिंपीदादा.''

''हो.''

''तेव्हाही नाही सांगावंसं वाटलं?''

शिंपी गळ्यातली पट्टी बोटाला गुंडाळत बसला. ''त्यांनी विचारलं, ऐकलंस का. मी लिहिलं, नाही. खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर कधीच कबूल करून मोकळा झालो असतो.''

ती रडली नाही, त्याला बोलही लावला नाही. दवाखान्यातल्या बायका जखम पाहतात तसे तिने त्याच्याकडे पाहिले.

''मग आता, पाहिलं म्हणून लिहून द्या.''

''एकदा लिहून दिलं त्याचं हे झालं, अगं.''

''आता दुसऱ्यांदा द्या.''

त्याने लिहून दिले. 'आदेश मी ऐकला नाही. आदेश मी पाहिला.' ते जोडून तिने नगरपालिकेत अर्ज केला. तोच हा अर्ज.

तेव्हाच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ''बाई, चौथरा आमचा, शिळा आमची, पण शिळेवरची नावं मुख्यालयाची. तोफेवरची पक्ष्यांची घाण धुवायची, एवढाच अधिकार आम्हाला.'' तरी त्याने अर्ज वर पाठवला. पहिले उत्तर सव्वा वर्षाने आले : सदर अर्ज संबंधित जहाजाच्या कप्तानामार्फत यावा. जहाज मोडीत निघून अठरा वर्षे झाली होती. तसे कळवले. दुसरे उत्तर आले : साक्षीदाराच्या दोन जबाबांत विसंगती आढळते, तरी साक्षीदाराने समक्ष हजर राहावे.

शिंप्याने स्वतःसाठी नवा कोट शिवला. दुकानाच्या दारात उभा राहून तिला दाखवला आणि म्हणाला, ''गिऱ्हाईक कटकटं आहे, तीनदा फिटिंग करून घेतलं.'' दीड दिवसाचा प्रवास करून तो मुख्यालयात गेला. तिथे मोठ्या खोलीत लांब टेबलापलीकडून त्याला प्रश्न विचारले गेले. आता कागदावर लिहून देण्याची पद्धत बंद झाली होती, जबाब तोंडी आणि ध्वनिमुद्रित. मला ऐकू येत नाही, लिहून द्या, असे तो म्हणाला, ते इतक्या मोठ्याने की कोणीतरी त्याला शांत व्हायला सांगितले, म्हणजे हाताने खूण केली. खूण त्याला समजली आणि तो शांत झाला. नोंद अशी झाली : 'साक्षीदाराने प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत.'

परत आल्यावर कोट त्याने तिच्यासमोरच हँगरला लावला आणि त्याविषयी पुन्हा बोलला नाही. पुढच्या वर्षी तो गेला. जहाजावरचे ते घड्याळ त्याने तिच्या नावाने ठेवले होते. ते चालते आहे.

त्यानंतर मुख्यालयाने तिन्ही कुटुंबांचे ना-हरकत पत्र मागितले. दोन घरांतून आले, कारण त्या घरांत आता पुतणे-भाचे राहतात आणि त्यांना हरकत म्हणजे काय तेच माहीत नव्हते. नेम धरणाऱ्याची आई मात्र हयात होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने कागदावर अंगठा द्यायला नकार दिला आणि ''मला चौकात न्या,'' म्हणाली. नातवाने खुर्चीत बसवून आणले. डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून तिने शिळेवर हात फिरवला. मुलाच्या नावावरून खाली, दुसरे नाव, तिसरे नाव, मग चौथ्या ओळीच्या दोन रेघा. त्या दोन रेघांमधून तिचे बोट सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

''जागा तर आहे की,'' ती म्हणाली.

दारवाल्याची बहीण शेजारीच उभी होती. म्हातारीने तिचा हात चाचपून धरला, अंगठ्याची शाई त्या हाताला लागली. अंगठा दिला.

तिसरे आणि तूर्त शेवटचे पत्र मागच्या वर्षी आले. संबंधित अधिकारी निवृत्त असून त्यांचा अभिप्राय मागवला आहे. दरम्यान, घटनेचा अन्य कोणी प्रत्यक्षदर्शी असल्यास कळवावे. आताचा कारकून तरुण आहे. रकाना भरण्यापूर्वी तो थोडा वेळ खिडकीबाहेर, माझ्याकडे पाहत बसला. मग त्याने लिहिले : 'निरंक.' त्याचा दोष नाही. त्या रकान्यात दुसरे काय लिहिणार.

माझी विनंती लहान आहे. रंगाचे अकरा थर आहेत. कधीतरी कोणी आकड्याखाली खरवडले तर पांढरी अक्षरे निघतील. त्यातून आदेश कोणी दिला ते सिद्ध होत नाही, हे तेहतीस वर्षांच्या कचेरीच्या अनुभवाने मलाही कळते. फक्त एवढे दिसेल की तिथे एक नियम होता आणि तो पाळू पाहणाऱ्या माणसाचेच नाव शिळेवर नाही.

बाई आता निवृत्त आहेत. दर सहा महिन्यांनी येतात, खिडकीत स्मरणपत्र देतात, पोच घेतात आणि माझ्या चौथऱ्यावर, दाराच्या बाजूला येऊन बसतात. पिशवीतून ते घड्याळ काढून मांडीवर ठेवतात. कोणी ओळखीचे भेटले तरी बोलत नाहीत. काटा पुरती दहा मिनिटे पुढे गेला की मगच उठतात. सव्वीस वेळा हे झाले आहे. एकदाही नऊ मिनिटांत उठल्या नाहीत.

अधिकाऱ्याचा अभिप्राय अप्राप्त. अर्ज आजच्या तारखेस प्रलंबित आहे.